अ ते ह

पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी आमच्या पांढुर्ण्यात गोटमार असते. जाम नदीच्या एका काठाला पांढुर्णा, दुसऱ्या काठाला सावरगाव, आणि मध्ये दगड. त्या दिवशी बाजार बंद. म्हणून तिसऱ्या दिवशी दुकान उघडलं की सकाळपासून गर्दी असते. अशाच गर्दीत ती आली. आमच्या बचत गटातली, वय सत्तरीच्या पुढचं, सौंसरकडच्या एका खेड्यातून येते. सोबत नातू, नातवाच्या हातात मोबाईल.

"बाई, हे तुमचं मोबाईल मले हाकलून राहिलं," ती म्हणाली. "दोनदा भरलं पोरानं. म्हणे, योग्य नाव भरा. आता याच्याहून योग्य नाव मी कोठून आणू व?"

बायका हसल्या. मीही हसले. मीटर हातात, समोर गिऱ्हाईक. मी नातवाला म्हटलं, "इंग्रजीत भरून टाक रे, घेईल ते." त्यानं भरलं, घेतलं. ती गेली, आणि मी विसरून गेले.

तो फॉर्म माझाच होता. गटाची यादी दरवर्षी वहीत व्हायची, खाडाखोड व्हायची, दोन बायकांचे मोबाईल नंबर एकमेकींच्या नावापुढे जायचे. माझी मुलगी पुण्याला प्रोग्रामिंगचं काम करते. मी हट्टानं तिच्याकडून फोनवर शिकत होते. पन्नाशीनंतर काही शिकायचं तर आपलंच लेकरू मास्तर बरं, रागावलं तरी जेवायला विचारतं. तर तिच्या मदतीनं मी तो फॉर्म केला, आणि त्यातले नियम स्वतः लिहिले. या नियमांना रेग्युलर एक्स्प्रेशन म्हणतात, तिच्या बोलण्यात रेजेक्स.

साधं आहे हो. दारावर माणूस उभा करायचा आणि त्याला सांगायचं, आत येणाऱ्याचा आकार असा असला पाहिजे. पिनकोडचं उदाहरण घ्या. एकूण सहा अंक. पहिला १ ते ९ पैकी, शून्य नाही. पुढचे पाच ० ते ९ पैकी काहीही. एवढं एका ओळीत, मोजक्या खुणांत लिहिता येतं. पाच अंक टाकले, अडवलं. सात टाकले, अडवलं. मोबाईल नंबरलाही तसंच, दहा अंक आणि सुरुवात ६, ७, ८ किंवा ९ नं. पॅनकार्डाला पाच अक्षरं, चार अंक, एक अक्षर. मला भारी मजा वाटली. कपड्याच्या दुकानात जन्म गेला, पण माप घेण्यात इतकी मजा कधी आली नव्हती.

याचं मूळ मात्र फॉर्मात नाही, गणितात आहे. स्टीफन क्लेनी नावाच्या अमेरिकन गणितज्ञानं मेंदूतल्या मज्जातंतूंच्या जाळ्याचा गणिती विचार करताना ही मांडणी केली. त्याचा लेख १९५६ साली छापला गेला. "हे कितीही वेळा येऊ दे" असं सांगायला जी चांदणी टाकतात, तिला अजून त्याचंच नाव आहे. पुढे १९६८ मध्ये केन थॉम्प्सननं हीच रीत मजकुरात शब्द शोधायला वापरली, आणि तिथून ती सगळीकडे पसरली.

आणि पिनकोड तर आपल्याच माणसाचा. श्रीराम भिकाजी वेलणकर, कोकणातले, टपालखात्यात मोठे अधिकारी आणि संस्कृतचे कवी. १५ ऑगस्ट १९७२ ला त्यांची ही पद्धत सुरू झाली. सारख्या नावाची गावं, वेगवेगळ्या भाषा आणि लिप्यांतले पत्ते, यातून वाट काढायला त्यांनी आकड्यांचा आधार घेतला. पहिल्या ४ मध्ये महाराष्ट्रही येतो आणि मध्य प्रदेशही. १९५६ साली राज्यं नव्यानं आखली, नागपूर तिकडे गेलं, आम्ही इकडे राहिलो. पण आमचा ४८०३३४ आणि नागपूरचा ४४०००१, सुरुवात अजून एकच.

आता नावाकडे येते.

नावाच्या रकान्यासाठी मी दोन गोष्टी मान्य केल्या होत्या. एक, इंग्रजी अक्षरं. दुसरी, मराठी अक्षरं. मराठीसाठी मी मोठ्या अभिमानानं लिहिलं होतं [अ-ह]+, म्हणजे अ पासून ह पर्यंतचं कोणतंही अक्षर, एक किंवा अधिक वेळा. लिहिताना मनात एकच धास्ती होती, ळ ची. शाळेत आपण ह म्हणून झाल्यावर ळ म्हणतो. म्हणजे अ ते ह मध्ये ळ बाहेर राहणार! आणि आमच्या भागात ळ चं दुखणं जुनं आहे. इथले कागद हिंदीत होतात. लिहिणाऱ्याला ळ ची सवय नसते, आणि घरात काळे असलेला माणूस कागदावर काले होतो. माझ्या फॉर्मात तरी हे नको. म्हणून मी "कमळ" टाकून पाहिलं. घेतलं! मुलीनं सांगितलं, संगणकाच्या यादीत ळ हा ल च्या शेजारी बसवला आहे, ह च्या आधी. मग "मदन" टाकलं, "गगन" टाकलं. सगळं घेतलं. मी खूश.

दिवाळीला गटाचे पैसे वाटायचे होते. नियम आमचाच, यादीतलं नाव आणि पासबुकावरचं नाव जुळलं तरच रक्कम द्यायची. तिचं जुळलं नाही. पासबुकावर नाव देवनागरीत, पूर्ण. यादीत नातवानं घाईत इंग्रजीत भरलेलं, अर्धं, वर एक अक्षर चुकलेलं. हिशेब ठेवणाऱ्या बाईनं नियमानं पैसे थांबवले. दिवाळी गेली. ती दुकानात आली नाही, भांडली नाही. मला दुसरीकडून कळलं की तिनं त्या पैशांतून नातवाची फी भरायची ठरवली होती, आणि ती तिनं उसनवारी करून भरली.

त्या रात्री मी फॉर्म उघडला आणि तिचं पासबुकावरचं नाव जसंच्या तसं टाकलं. "कृपया योग्य नाव भरा." मग आमच्या गावाचं नाव टाकलं, पांढुर्णा. तेच उत्तर. मग स्वतःचं आडनाव टाकलं, जैन. तेही नाही!

मुलीला फोन लावला. ती थोडा वेळ गप्प राहिली आणि म्हणाली, "मम्मी, तू मात्रा कुठे दिल्यास?"

आपण "पां" ला एक अक्षर म्हणतो. संगणकाला ते तीन दिसतात, प, काना आणि अनुस्वार. काना, वेलांटी, उकार, मात्रा आणि पाय मोडायची खूण, यांच्या जागा त्याच्या यादीत ह च्या नंतर आहेत. अनुस्वाराची जागा तर अ च्याही आधी. माझ्या अ ते ह मध्ये यातलं काहीच बसत नव्हतं. कमळ, मदन, गगन बसले, कारण त्यांना काना-मात्राच नाहीत. पहिलीतल्या पोराला शिकवतात तसे बिनमात्रेचे शब्द घेऊन मी परीक्षा घेतली होती. तशा नावाच्या बायका गावात किती असतील? ज्या ळ साठी मी जीव टाकला तो आत होता. ज्याचा विचारच केला नव्हता ते सगळं दाराबाहेर.

मग इतके दिवस कळलं कसं नाही? कारण बहुतेक तरुण बायकांनी इंग्रजीत भरलं. ज्यांना अडवलं त्या उठून गेल्या, किंवा नाव बदलून आल्या. फॉर्मात फक्त घेतलेल्यांची नोंद राहते. परत गेलेल्यांची काही खूण राहत नाही. तिच्याआधी किती जणी परत गेल्या, हे मला आज सांगता येत नाही.

मुलीनं सुचवलं ते मी एकेक करून पाहिलं. देवनागरीची सगळी यादी, खुणांसकट मान्य केली. पांढुर्णा आत आलं. पण मधल्या मोकळ्या जागेला आणि "सौ." पुढच्या टिंबाला परवानगी द्यायची राहिली होती. ती दिली. मग ऱ्ह असलेलं एक नाव अडलं. काही जुन्या पद्धतीच्या कीबोर्डांवर असा अर्धा र उमटवायला मध्ये न दिसणारी एक खूण जाते, ती या यादीतली नाही. एकीनं मोबाईल नंबर मराठी अंकांत टाकला होता. आकडे बरोबर, पण माझ्या नियमाला फक्त इंग्रजी अंक माहीत. आणि जिल्ह्यांची यादी मी कुठून तरी जुनी उचलली होती. पांढुर्णा आणि सौंसर मिळून ऑक्टोबर २०२३ मध्ये वेगळा जिल्हा झाला. माझ्या फॉर्मात आम्ही अजून छिंदवाड्यातच होतो.

एक ठिगळ लावलं की दुसरीकडे उसवत होतं. शेवटी मी हात टेकले आणि सकाळी सासूबाईंच्या शेजारी स्वयंपाकघरात जाऊन बसले. त्या पाणी गाळत होत्या. आमच्याकडे विहिरीचं पाणी दुहेरी फडक्यातून गाळतात. गाळून झालं की फडकं उलटं करून गाळलेल्याच पाण्यानं धुतात, आणि ते पाणी त्याच विहिरीत परत सोडतात. फडक्यात अडकलेलं टाकून द्यायचं नसतं. ते जिवंत आहे असंच धरायचं. चाळीस वर्षं हे काम मी बघते आहे, करते आहे. आणि माझ्या फॉर्मानं मात्र अडकलेलं सगळं मोरीत सोडलं होतं.

मग मी नियम दोन ढिगांत वाटले. पिनकोड, मोबाईल, खाते नंबर हे माणसानं यंत्रासाठी बनवले आहेत. त्यांचा आकार ठरलेला आहे, तिथे दारवान कडक हवा. तरी तो आकारच बघतो, खरंखोटं नाही. ९९९९९९ हा पिनकोडही तो निमूट आत सोडेल. मराठी अंक आले तर ते फॉर्मानंच बदलून घ्यायचे, बाईला बोलायचं नाही. नाव मात्र आईबापांनी ठेवलेलं असतं, मला विचारून नाही. तिथे एवढंच पाहायचं की रकाना रिकामा नाही. पुढच्या-मागच्या मोकळ्या जागा काढायच्या आणि आहे तसं घ्यायचं. काही विचित्र वाटलं तर अडवायचं नाही, बाजूच्या यादीत खूण करून ठेवायचं. संध्याकाळी दुकान मिटल्यावर मी ती यादी बघते आणि गरज पडली तर फोन करते. रोज दोन-चार नावं असतात, त्याला कितीसा वेळ लागतो? आणि "योग्य नाव भरा" हे वाक्य मी पुसून टाकलं.

तिचे पैसे गटानं दिले. ते घेऊन मी स्वतः तिच्या घरी गेले. अंगणात बसून मोबाईलवर तिचं नाव दाखवलं. तिला वाचता फारसं येत नाही, पण स्वतःचं नाव ओळखू येतं. पासबुक आणून तिनं दोन्ही शेजारी धरलं, काना-मात्रा बोटानं ताडून पाहिल्या.

"तेव्हा काऊन घेतलं नाही मंग?" तिनं विचारलं.

"माझी चूक होती," मी म्हटलं. "मी नियम चुकीचा लिहिला होता."

ती माझ्याकडे बघत राहिली. "तुमची?" ती म्हणाली. "मले वाटलं, माह्या नावातच काही खोट आहे."