हर्णेतले प्युरिटन संसार

हर्णे बंदरात १८२०च्या दशकात काही स्कॉटिश जोडपी राहायला आली. पेशवाईच्या शेवटच्या लढाईत सुवर्णदुर्ग इंग्रजांच्या हाती गेला होता, दापोलीला फौजेचा कॅम्प बसला होता आणि बाणकोट तर त्याआधीपासूनच कंपनीकडे होते. ही माणसे मात्र फौजेची नव्हती आणि व्यापाराचीही नव्हती. स्कॉटिश मिशनरी सोसायटीने १८२३ मध्ये बाणकोटला काम सुरू केले. आधी कंपनीच्या फौजेत असलेले आणि मग धर्मप्रचारक होऊन परतलेले डोनल्ड मिचेल त्याच वर्षी वारले. त्यांच्यामागून जेम्स मिचेल, अलेक्झांडर क्रॉफर्ड, जॉन कूपर आणि जॉन स्टीव्हन्सन आले. हर्णेला दुसरे ठाणे झाले. १८२७ मध्ये रॉबर्ट नेस्बिट आले आणि १८२९ मध्ये जॉन विल्सन व त्यांची पत्नी मार्गारेट. मुंबईच्या विल्सन कॉलेजाला ज्यांचे नाव आहे तेच हे विल्सन. त्यांचे मराठीचे पहिले धडे हर्णेत झाले.

ही मंडळी स्कॉटलंडच्या प्रेसबिटेरियन पंथाची. अमेरिकेत वसाहत करणारे प्युरिटन आणि हे स्कॉटिश लोक एकाच झाडाच्या दोन फांद्या. दोघांचाही मूळ पुरुष धर्मसुधारक कॅल्व्हिन. उपासनेत थाटमाट नको, रविवारी काम नको, बायबल प्रत्येकाला स्वतः वाचता आले पाहिजे आणि रोजच्या वागण्याचा हिशेब देवाला द्यायचा आहे, हे दोघांनाही मान्य. त्यामुळे हर्णेतल्या या घरांमधले नवरा-बायकोचे नाते समजून घ्यायचे तर आधी अटलांटिकच्या पलीकडच्या प्युरिटन वसाहतीत जावे लागते.

मेफ्लॉवर जहाजाने १६२० मध्ये १०२ प्रवासी अमेरिकेच्या किनाऱ्यावर नेले आणि पहिल्याच हिवाळ्यात त्यांतले जवळपास निम्मे मेले. एडवर्ड विन्स्लोची बायको मार्च १६२१ मध्ये गेली. सुझॅना व्हाइटचा नवरा त्याच्या महिनाभर आधी गेला होता, आणि तिच्या पदरात एक तान्हे मूल आणि एक लहान मुलगा होता. मे महिन्यात या दोघांचे लग्न लागले. प्लिमथ वसाहतीतले ते पहिले लग्न. ते पाद्र्याने लावले नाही, सरकारी अधिकाऱ्याने लावले, कारण लग्न हा संस्कार नसून दोन माणसांमधला करार आहे, असे या लोकांचे मत होते. अंगठीलाही त्यांचा विरोध होता. करार म्हटला की तो मोडण्याची वाटही ठेवावी लागते. म्हणून इंग्लंडात जवळपास अशक्य असलेला घटस्फोट मॅसॅच्युसेट्समध्ये, क्वचित का होईना, मिळू शकत असे. मुलीच्या आईबापांची परवानगी न घेता तिला मागणी घालणाऱ्याला मात्र दंड होई.

एवढ्यावरून हे लोक कोरडे होते असे समजणे चूक आहे. जॉन विंथ्रॉप १६३० मध्ये मॅसॅच्युसेट्सचा गव्हर्नर म्हणून पुढे गेला. त्याची तिसरी बायको मार्गारेट तेव्हा गरोदर होती, ती इंग्लंडातच राहिली. दोघांनी ठरवले की दर सोमवारी आणि शुक्रवारी संध्याकाळी पाच ते सहा एकमेकांची आठवण काढायची; मध्ये समुद्र असला तरी मनाने भेटायचे. कामाच्या गर्दीत आपली वेळ चुकते, अशी कबुलीही त्याने तिला पत्रातून दिली. पुढच्या वर्षी ती त्याच्याकडे पोचली. प्युरिटन प्रेमाची सगळी अडचण या पत्रव्यवहारात दिसते. बायकोवर जीव लावणे हे कर्तव्यच होते, पण तो जीव देवापेक्षा जास्त जडला तर ते पाप. त्यामुळे प्रत्येक मायेच्या वाक्यापाठोपाठ आपण देवाला विसरलो नाही ना, याची चाचपणी येते. ज्या समाजात प्रेम सहज चालून जाते तिथे ते कोणी लिहून ठेवत नाही. इथे त्याला रोज झडती द्यावी लागे, म्हणून ते कागदावर उतरले आणि आज आपल्याला वाचता येते.

रोजच्या जगण्यातले नाट्य पाहायचे तर बॉस्टनचे न्यायाधीश सॅम्युएल स्यूअल यांची रोजनिशी पाहावी. १६९२च्या सेलमच्या चेटूक-खटल्यांत न्यायाधीश म्हणून बसलेले आणि पाच वर्षांनी भर चर्चमध्ये त्याचा पश्चात्ताप व्यक्त केलेले हेच ते गृहस्थ. १७२० मध्ये वयाच्या अडुसष्टाव्या वर्षी, दुसऱ्यांदा विधुर झाल्यावर, ते कॅथरीन विंथ्रॉप या विधवेकडे मागणी घालायला जाऊ लागले. जाताना साखर चढवलेले बदाम न्यायचे आणि ते कोणत्या भावाने घेतले तेही रोजनिशीत टिपून ठेवायचे. एकदा त्यांनी तिला हातमोजा काढायला विनवले. तिला घरी घोडागाडी हवी होती आणि त्यांच्या डोक्यावर टोप हवा होता. त्यांना या दोन्ही गोष्टी मान्य नव्हत्या. बोलणी थंडावत गेली, तशी तिच्या दिवाणखान्यातली शेकोटीही कशी विझत आली याची त्यांनी नोंद केली. लग्न जमले नाही आणि दोन वर्षांनी त्यांनी दुसरीशी केले. देवघेवीचा हिशेब आणि हात धरण्याची ओढ एकाच पानावर असावी आणि दोन्ही खरी असावीत, हे प्युरिटन वसाहतीतच शक्य होते.

या लोकांचे वंशज मराठी मुलखात धर्मप्रचारक म्हणून आले ते १८१३ मध्ये, मुंबईला. फेब्रुवारी १८१२ मध्ये सेलम बंदरातून निघालेल्या जहाजावर हॅरिएट न्यूएल ही अठरा वर्षांची मुलगी होती. लग्न होऊन काही दिवसच झाले होते. कंपनी सरकारने कलकत्त्यात राहू दिले नाही. मॉरिशसला जाताना जहाजावरच ती बाळंत झाली, मूल दगावले, आणि नोव्हेंबरात बेटावर तीही गेली. तिचा नवरा सॅम्युएल पुढे मुंबईला आला. १८१८ मध्ये अमेरिकेहून आलेल्या फिलोमेला थर्स्टनशी त्याचे लग्न झाले. १८२१ मध्ये कॉलऱ्याने तो गेला, आणि फिलोमेलाने मिशनचा मुद्रक जेम्स गॅरेट याच्याशी पुन्हा संसार थाटला. विन्स्लो आणि सुझॅना व्हाइट यांची प्लिमथमधली रीतच दोनशे वर्षांनी मुंबईत चालू होती. मरणाने मोडलेले घर कामाच्या सोबत्यांमध्येच, लवकरात लवकर, पुन्हा उभे करायचे. याच अमेरिकन मिशनमधल्या गॉर्डन हॉल यांची कथा याहून हळवी आहे. त्यांची पत्नी मार्गारेट मुलांच्या प्रकृतीसाठी १८२५ मध्ये त्यांना घेऊन अमेरिकेला निघाली. १८२६च्या मार्चमध्ये नाशिककडच्या दौऱ्यात कॉलऱ्याने हॉल वारले. ती बातमी मार्गारेटपर्यंत लगेच पोचणार नव्हती; त्या काळी पत्राला समुद्रमार्गे चार-सहा महिने लागत. सुएझकडे जाणारी पहिली आगबोट ‘ह्यू लिंडसे’ मुंबईहून सुटली तीच १८३० मध्ये. तोवर बहुतेक बातम्या, जन्माच्या आणि मरणाच्या, आफ्रिकेला वळसा घालूनच जायच्या.

मार्गारेट बेन आणि जॉन विल्सन हर्णेला आले तेव्हा त्यांच्या लग्नाला वर्षही झाले नव्हते. ती १७९५ची, तो १८०४चा, म्हणजे ती त्याच्याहून नऊ वर्षांनी मोठी. ग्रीनॉकच्या धर्मोपदेशकाची मुलगी, ॲबर्डीनला शिकलेली, वाचनाची आणि लिहिण्याची सवय असलेली. १८२८च्या ऑगस्टमध्ये लग्न झाले आणि लगेच जहाज सुटले. फेब्रुवारीत मुंबईला उतरल्यावर भाषा शिकण्यासाठी त्यांना कोकणात पाठवण्यात आले. पहिला पावसाळा त्यांनी हर्णेतच काढला.

कोकणातला पावसाळा म्हणजे काय हे कोकणातल्या माणसालाच सांगावे लागत नाही. वैशाखात आगोटीची घाई, मग बंदर बंद. मचवे आणि पडाव ओढून वर घेतलेले. नारळीपौर्णिमेपर्यंत समुद्र कोणाचा नसतो. मुंबईचा मार्ग समुद्राचाच, त्यामुळे या काळात डाकेचा काही भरवसा नसे. ओल, ताप आणि न थांबणारा पाऊस. अशा घरात नवे लग्न झालेले दोघे समोरासमोर बसून एकच भाषा शिकत होते. पंडिताकडून मराठीचा धडा घ्यायचा आणि मग तो दोघांनी मिळून गिरवायचा. मार्गारेट नवऱ्याच्या बरोबरीने शिकली, आणि विल्सन यांनी तिच्याविषयी पुढे जे लिहिले त्यात तिच्या बुद्धीचा आदर प्रत्येक पानावर आहे. नव्या नवरा-बायकोच्या सहवासाचे इतके चांगले रूप त्या काळच्या कागदपत्रांत फार कमी सापडते. काहीच महिन्यांत विल्सन मराठीतून बोलू लागले.

हर्णेतले शेजारीही पाहत असणारच. कोळी, भंडारी, दालदी मुसलमान, आसपासच्या गावांतले चित्पावन. ब्राह्मण घरात तेव्हा आठ-दहा वर्षांच्या मुलीचे लग्न होई. वडीलधाऱ्यांसमोर नवरा-बायकोने एकमेकांशी बोलणे असभ्य मानले जाई. आणि विधवा झालेल्या मुलीचे केशवपन होऊन ती घराच्या मागच्या खोलीत जाई. कोळणींचे जग वेगळे होते. नवरा समुद्रावर आणि बाजार बाईच्या हातात, म्हणून तिथे बाईचा शब्द मोठा. या दोन्ही जगांच्या मध्ये साहेबाची मडम नवऱ्यासोबत एका मेजावर जेवते, पुस्तक वाचते आणि त्याच्याशी मराठीच्या शब्दांवरून वाद घालते, हे दृश्य अजब वाटले असेल.

या मिशनऱ्यांचे लिखाण वाचताना एक गोष्ट खटकते आणि ती मान्य करायला हवी. हिंदू देवधर्माविषयी त्यांची भाषा कठोर, कित्येकदा अन्यायाची आहे. सत्यनारायण घालणाऱ्या बाईच्या श्रद्धेत त्यांना फक्त अंधार दिसला. पण त्याच लोकांनी गावोगावी शाळा काढल्या. त्यांत शिकवणारे पंतोजी बहुतेक ब्राह्मणच होते, आणि पोर वाचायला शिकते म्हणून गावकरी त्याला पाठवतही होते. बाईने वाचले पाहिजे, हा त्यांचा आग्रह तर त्यांच्या धर्मातच होता. सिंथिया फॅरर ही अविवाहित अमेरिकन बाई १८२७ मध्ये मुंबईला आली ती मुलींच्या शाळांसाठीच. पुढे अहमदनगरला १८६२ मध्ये मरेपर्यंत तिने तेच काम केले. तिची शाळा पाहिल्यावर जोतीराव फुल्यांच्या मनात मुलींच्या शाळेचा विचार पक्का झाला.

हर्णेहून मुंबईला परतल्यावर मार्गारेटनेही काही महिन्यांत मुलींच्या अनेक शाळा उघडल्या. नवरा दौऱ्यावर, ती शाळा, घर आणि लिखाण सांभाळणारी. १९ एप्रिल १८३५ रोजी ती गेली, चाळिशीही न गाठता. विल्सन यांनी तिची पत्रे आणि टिपणे एकत्र करून १८३८ मध्ये तिचे चरित्र छापले. मुलगा अँड्र्यू पुढे हिमालयाचा प्रवासी आणि लेखक झाला. मार्गारेटच्या दोन बहिणी, ॲना बेन आणि हे बेन, तिचे अर्धे राहिलेले काम उचलायला मुंबईला आल्या, आणि त्यांतल्या हे बेनचे लग्न झाले ते रॉबर्ट नेस्बिटशी. पडद्याआडून बोलले तर मराठी माणूसच बोलतो आहे असे वाटे, इतके नेस्बिट यांचे मराठी चांगले होते. हर्णेत तेही याच भाषेच्या पायी राहिले होते. १८५५ मध्ये मुंबईत कॉलऱ्याने ते वारले. तोवर कोकणातली ठाणी केव्हाच उठली होती. काम मुंबई-पुण्याला सरकले होते.

नेस्बिट शिकवत असत त्या फ्री चर्चच्या संस्थेत बाबा पदमनजी शिकले, आणि त्यांनी १८५७ मध्ये ‘यमुनापर्यटन’ लिहिली. विधवांच्या हालअपेष्टांवरची ही कादंबरी. प्लिमथमध्ये जे एका वसंतात घडले, म्हणजे दोन दुःखी माणसांनी पुन्हा एकत्र घर करणे, ते मराठी ब्राह्मण घरात अजून कल्पनेत लिहायचीच गोष्ट होती. प्रत्यक्षात ते हर्णेपासून काही मैलांवरच्या मुरुडच्या माणसाने करून दाखवले. धोंडो केशव कर्वे पहिली बायको वारल्यावर ११ मार्च १८९३ रोजी पुण्यात पंडिता रमाबाईंच्या शारदा सदनातल्या गोदूबाईंशी विवाहबद्ध झाले. गोदूबाई बालविधवा. लग्नानंतर त्या आनंदीबाई झाल्या, आणि पुढे बाया कर्वे. मुरुडला दोघे गेले तेव्हा गावाने सभा भरवून बहिष्कार घातला. घरच्यांनी त्यांना थारा दिला तर घरही वाळीत पडणार होते. आईला मुलाला जवळ घेता येईना. प्युरिटन वसाहतीत जिथे अधिकाऱ्याने दोन ओळी लिहून संसार जोडला होता, तिथे कोकणात एका संसारासाठी आईचे घर बंद झाले. दोन्ही समाज धर्मभीरूच. एकाला विधवेने एकटे राहणे अव्यवस्था वाटत होती, दुसऱ्याला तिने पुन्हा लग्न करणे.

कर्व्यांनी १८९६ मध्ये विधवांसाठी आश्रम काढला. आनंदीबाईंची धाकटी बहीण पार्वतीबाई आठवले याही विधवा. त्या या आश्रमात शिकल्या, तिथेच कामाला लागल्या आणि गावोगाव फिरून वर्गणी जमवू लागल्या. वीसपंचवीस वर्षे केशवपन सोसल्यावर त्यांनी केस वाढवले. पुन्हा लग्न मात्र त्यांनी केले नाही. १९१८ मध्ये त्या इंग्रजी शिकायला आणि आश्रमासाठी पैसा उभारायला अमेरिकेला गेल्या, आणि तिथे लोकांच्या घरी घरकाम करून पोट भरीत त्यांनी दोन वर्षे काढली.