दुरुस्ती की नवा? मुदखेड ते नांदेड

मुदखेड जंक्शनवर मनमाड–सिकंदराबाद मार्गाला आदिलाबादचा फाटा फुटतो. या फाट्यावर पूर्वी मीटरगेज होती, आता ब्रॉडगेज आहे. इथल्या मळ्यांतली फुले नांदेडच्या बाजारात जातात. आम्हीही बिघडलेल्या वस्तू घेऊन नांदेडच गाठतो. या खेपेला पर्समध्ये बंद पडलेला डिजिटल कॅमेरा होता.

घरात दोन मते होती. मुलगा म्हणाला, “अम्मी, मोबाईल आहे की! कशाला खर्च?” सासूबाईंना मात्र तो हवाच होता, मरहूम सासऱ्यांच्या शेवटच्या ईदचे फोटो त्यात होते.

दुकानदाराने आधी मेमरी कार्ड काढून फोटो पेनड्राइव्हवर उतरवले. “बाजी, तुमचे फोटो कार्डात आहेत. आता कॅमेऱ्याचा निवांत विचार करा.” निम्मा प्रश्न तिथेच सुटला. उरला फक्त यंत्राचा हिशेब.

लेन्स बाहेर येऊन अडकली होती; आतल्या दातेरी चाकात धूळ गेलेली. साफसफाईने भागत असेल तर दुरुस्ती करावी. मुख्य सर्किट जळाले असेल आणि सुटा भाग मिळत नसेल, तर पैसे ओतू नयेत. निकामी झालेला कॅमेरा आणि त्याची लिथियम बॅटरी कचऱ्यात न टाकता ई-कचरा घेणाऱ्या अधिकृत केंद्रात द्यावी.

प्रेषित मुहम्मद (स.) आपले जोडे स्वतः सांधत. चालणारी वस्तू फेकणे हा इस्राफ आहे; न चालणाऱ्या वस्तूवर पुन्हापुन्हा खर्च करणे हाही इस्राफच. आमचे काम साफसफाईत झाले. सासूबाईंसाठी फोटो कागदावरही छापून घेतले.