दाभोळ : हाजींच्या जुन्या बंदरात दोन तास

दाभोळ हे नाव आमच्या पिढीला पाठ झाले ते एन्रॉनच्या वीजप्रकल्पामुळे. खरे तर तो प्रकल्प दाभोळात नाहीच. तो आहे वाशिष्ठी खाडीच्या दक्षिण तीरावर, गुहागर तालुक्यात, अंजनवेल-वेलदूरच्या बाजूला. दाभोळ पलीकडच्या तीरावर, दापोली तालुक्यात. बदनामी मात्र याच गावाच्या नावावर जमा झाली.

दिवाळीच्या सुट्टीत पणदऱ्याहून निघून आम्ही कऱ्हाडमार्गे कुंभार्ली घाट उतरलो. चिपळूण, गुहागर करत धोपाव्याच्या धक्क्यावर आलो. मुलांनी आजवर वाहते पाणी पाहिले ते नीरेच्या डाव्या कालव्याचे. आपली गाडीच बोटीवर चढते आहे, हे पाहून ती दोघे खिडकीतून अर्धी बाहेर आली. शेजारच्या गाडीतले कुटुंब दाभोळच्या चंडिकादेवीच्या गुहेत दर्शनाला चालले होते. त्यांनी अम्मींना बसायला आपली घडीची खुर्ची दिली.

पलीकडे लागताच बहुतेक गाड्या थेट दापोलीकडे सुटतात. आम्ही मुद्दाम जोहर ते असर एवढा वेळ काढला होता.

पंधराव्या शतकात दाभोळ हे बहमनी राज्याचे मोठे बंदर होते. घोडदळ ठेवायचे तर घोडे अरबस्तान-खुरासानातून समुद्रानेच यायचे, आणि घाटावरचा माल याच किनाऱ्याने बाहेर जायचा. आपल्याच जिल्ह्यातल्या जुन्नरला 1470च्या सुमारास राहिलेला रशियन व्यापारी अफानासी निकितिन परत निघाला, तो इथूनच जहाजात बसला. मक्केच्या वाटेवरचे प्रवासीही याच बंदरातून निघत. मग डिसेंबर 1508 मध्ये पोर्तुगीज व्हाइसरॉय आल्मेदाने, चौलला मारल्या गेलेल्या मुलाचा सूड घ्यायचा म्हणून, हे गाव लुटून जाळले. चौलच्या लढाईशी इथल्या बायकापोरांचा काय संबंध, हे इतिहासाच्या तासाला मुले विचारतात, तेव्हा आम्ही उत्तर देत बसत नाही. पुढे मुंबई-गोवा बोटी इथे थांबत. त्याही बंद झाल्या.

धक्क्यापासून थोडे चालले की माडांच्या गर्दीतून शाही मशिदीचा घुमट दिसतो. गावात तिला अंडा मशीदही म्हणतात. एक मोठा घुमट, चार कोपऱ्यांना चार मिनार, पुढे अंगण. घडण सरळ विजापूरची. कोकणात असे बांधकाम फार नाही. विजापूर पाहिलेल्याला ते ओळखीचे वाटेल.

हकीकत अशी सांगतात : 1659च्या सुमारास विजापूरची शहजादी आयशाबीबी हजच्या इराद्याने मोठा लवाजमा आणि पंधरा लाखांचा खजिना घेऊन दाभोळला आली. पण समुद्र सुरक्षित नव्हता. जहाज सुटेना. तेव्हा बरोबरच्या आलिमांच्या सल्ल्याने तिने तो पैसा मशीद बांधण्यात घातला. काम चार वर्षे चालले. आकड्यांत लोककथेची भर असेलही, पण एवढी वास्तू एखाद्या मासेमारी गावाच्या वर्गणीतून उभी राहत नाही.

आम्ही हे सारे वर्गात सांगावे तसे सांगत होतो. अम्मी पायरीवर बसून ऐकत होत्या. त्यांनी मध्येच विचारले, "मग तिचा हज झाला का नंतर?"

कथा मशिदीपाशीच थांबते, असे आम्ही म्हणालो.

अम्मींचा फॉर्म दोनदा भरला. दोन्ही वेळा सोडतीत नाव लागले नाही. पैसे बाजूला काढून ठेवलेले आहेत, गुडघे मात्र वर्षागणिक बोलू लागले आहेत. त्यांचे चुलते मुंबईहून जहाजाने गेले होते. ते निघाले तेव्हा सारे गाव वेशीपर्यंत आले होते, ही आठवण त्या नेहमी सांगतात. 1995 नंतर ती जहाजेही थांबली.

आम्ही कसर करून दोन रकात जोहर अदा केली. इथे किब्ला पश्चिमेला, आणि समुद्रही पश्चिमेलाच. इमामाच्या पाठीमागे उभा राहणारा आणि जहाजाच्या नाळेवर उभा राहणारा, दोघांची तोंडे एकाच दिशेला. धाकटीला हे फार आवडले. तिने बोट ताणून विचारले, "सरळ गेलं की जेद्दा?" आम्ही म्हटले, जवळजवळ, अरबस्तानाला वळसा घालावा लागेल.

असर जवळ आली तशी आम्ही निघायची घाई केली. पुढे दापोलीपर्यंतचा रस्ता वळणांचा, अंधार पडायच्या आत गाठायचा होता. अम्मी चप्पल पायात न घालता तशाच पायरीवर बसून होत्या.

"गाडीला थांबू दे जरा," त्या म्हणाल्या.