नमुना माझा मीच घेतला

तिशी उलटल्यापासून डॉक्टरबाई मला गर्भाशयमुखाची तपासणी करून घ्यायला सांगत होत्या. मला कर्करोगापेक्षा तपासणीच्या त्या टेबलाची भीती वाटायची. बाळंतपणात मला ज्या तऱ्हेनं हाताळलं गेलं, ते अंग विसरलं नव्हतं.

मग हडपसरला घराजवळच्या शिबिरात सिस्टरनं हातात एक पाकीट ठेवलं. आत मऊ ब्रश आणि एक नळी. “ताई, पाळी चालू नाही ना? दिवस गेलेले नाहीत ना? मग पडद्यामागे जा. ब्रश हळूच आत सरकवा, अडल्यासारखं वाटलं की थांबा, गोल फिरवा, नळीत घालून झाकण लावा.” दुखलं नाही. लोखंडी अवजार नाही, कुणाची नजर नाही.

आपल्या हातानं घेतलेला नमुना खरा धरतात का, हे मी विचारलंच. पॅप चाचणीत पेशी सूक्ष्मदर्शकाखाली बघतात, म्हणून त्या गर्भाशयमुखावरच्याच लागतात. ही चाचणी या कर्करोगाला कारणीभूत असलेल्या एचपीव्ही विषाणूचा डीएनए शोधते आणि तो योनिमार्गातल्या स्रावातही सापडतो. पीसीआर पद्धतीनं तपासलं तर आपला नमुना डॉक्टरांनी घेतलेल्या नमुन्याच्या तोडीचा ठरतो. जागतिक आरोग्य संघटनेची मान्यताही आहे.

माझ्या सासूबाई उस्मानाबाद (आताच्या धाराशिव) जिल्ह्यातल्या. तिथेच टाटा मेमोरियल आणि बार्शीच्या नर्गिस दत्त रुग्णालयानं १९९९ पासून ३० ते ५९ वयाच्या सव्वा लाखावर बायकांचा अभ्यास केला. त्यात नमुने आरोग्यसेविका घ्यायच्या. एचपीव्हीची चाचणी एकदाच केली, तरी या कर्करोगाचे मृत्यू जवळपास निम्म्यावर आले, हे २००९ मध्ये जगापुढे आलं. पुरावा आपल्या मातीतला, तरी राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या पाचव्या फेरीत ३० ते ४९ वयाच्या शंभर बायकांत दोघींचीही गर्भाशयमुखाची तपासणी झालेली नव्हती. याचा मला राग येतो.

माझा रिपोर्ट पॉझिटिव्ह आला. शरीरसंबंधातून पसरणारा विषाणू, हे ऐकताच ह्यांनी विचारलं, “कुठून आला?” त्या रात्री मी जेवले नाही. दुसऱ्या दिवशी डॉक्टरबाईंनी आम्हा दोघांना समोर बसवलं. हा विषाणू वर्षानुवर्षं गप्प राहू शकतो. कधी आला, कुणाकडून आला, हे कुठलीही चाचणी सांगत नाही. बहुतेकांना त्याचा संसर्ग आयुष्यात कधीतरी होतो आणि बहुतेकदा वर्षा-दोन वर्षांत शरीरच त्याला घालवतं. जो वर्षानुवर्षं टिकतो, त्याच्यापासून धोका. पॉझिटिव्ह म्हणजे कर्करोग नव्हे. ह्यांनी मान खाली घातली आणि पुढच्या तपासणीला स्वतःहून सोबत आले.

ती तपासणी मात्र टेबलावरच झाली. सौम्य अ‍ॅसिटिक आम्ल लावून बाईंनी गर्भाशयमुख पाहिलं, प्रत्येक पायरी आधी सांगून. डाग नव्हता. दोन वर्षांनी पुन्हा चाचणी करायची आहे. लेकीला एचपीव्हीची लस दिली, हडपसरलाच सिरम इन्स्टिट्यूटमध्ये बनणारी.

आता शिबिरं घेणाऱ्यांना माझं सांगणं आहे: पाकिटं वाटण्याआधी पॉझिटिव्ह आलेल्या बाईला कुठे पाठवायचं आणि तिच्या नवऱ्याशी कोण बोलणार, हे ठरवून या. आणि तिशी ओलांडलेल्या मैत्रिणींनो, टेबलाच्या धास्तीनं थांबला असाल, तर डॉक्टरांना स्वतः नमुना घेण्याबद्दल विचारा.