लपण

बदलीचा हुकूम हाती पडला की आपण सरकारी माणसे प्रथम मुलांची शाळा पाहतो, मग दवाखाना, आणि मग जमल्यास मराठी बोलणारे एखादे बिऱ्हाड. तळे आहे की नाही, हे कोणी पाहत नाही. मीही पाहिले नव्हते. बोम्मसंद्र्याला येऊन दोन वर्षे होत आली तरी माझ्या लेखी हे गाव म्हणजे होसूर रस्त्याच्या कडेचे कारखाने, मोठमोठी इस्पितळे आणि पाळी सुटली की रस्ता भरून टाकणारा कामगारांचा लोंढा, एवढेच होते. 2025 च्या ऑगस्टात मेट्रोची पिवळी मार्गिका येथवर आली आणि बोम्मसंद्रा हे एका टोकाचे स्थानक झाले. तेव्हापासून शहरातले स्नेही ‘तुमचे गाव आता जवळ आले’ असे म्हणतात. येत मात्र कोणी नाही.

गावाच्या नावाचा अर्थ मला कचेरीतल्या एका कानडी सहकाऱ्याने सांगितला. ‘संद्र’ हे ‘समुद्र’ या शब्दाचेच घासून गुळगुळीत झालेले रूप. तिप्पसंद्रा, सिंगसंद्रा, बोम्मसंद्रा. जेथे नावाच्या शेवटी संद्र आले तेथे कोणी तरी पूर्वी बांध घालून पाणी अडवले, असे समजावे. नदी नसलेल्या या पठारावर तळ्यांची माळ गुंफलेली होती. वरच्याचे भरले की सांडव्यावरून पाणी खालच्यात जायचे. 1638 नंतर शहाजीराजांना बंगळूरची जहागीर मिळाली तेव्हा त्यांच्या घोड्यांनी याच तळ्यांचे पाणी प्यायले असेल, असे मनाशी म्हणून परमुलखात आपण जो थोडा दिलासा मिळवतो तो मीही मिळवला. आज बरीचशी तळी बुजली आहेत आणि उरलेल्यांपैकी कित्येकांत सांडपाणी आहे. असो.

आई गेल्यावर मी बाबांना इकडे आणले. वय 84. सारी नोकरी महाराष्ट्राच्या पाटबंधारे खात्यात गेलेली, आणि तीही बहुतेक भंडारा जिल्ह्यात, म्हणजे तलावांच्या मुलखात. कोहळी लोकांनी बांधलेले ते जुने तलाव, त्यांचे बांध, त्यांच्या तुडुंब्या हे त्यांचे विश्व होते. चौथ्या मजल्यावरच्या सज्जात खुर्ची टाकून ते दिवसभर बसून राहत. दृष्टीचा मधला भाग गेलेला. समोर पाहिले की माणसाच्या जागी धुके दिसे, आणि कडेने पाहिले तर तोच माणूस थोडाफार दिसे. त्यामुळे ते बोलताना नेहमी जरा बाजूला पाहत. परक्याला वाटे, हा म्हातारा आपल्याला टाळतो आहे. बोलणेही तुटले होते. सूनबाईने विचारले तर ‘हो’ किंवा ‘नको’.

एके दिवशी संध्याकाळी ते एकदम म्हणाले, “अडई.”

मी वर्तमानपत्र खाली ठेवले. आभाळात शीळ घालत एक थवा दक्षिणेकडे चालला होता. मला ते पक्षी दिसत होते पण नाव ठाऊक नव्हते. त्यांना दिसत नव्हते आणि नाव ठाऊक होते. “अडई बदकं आहेत. पाणी आहे जवळ. कुठं आहे?”

पाणी होते. जिगणीच्या वाटेला थोडे आत गेले की हेन्नागऱ्याचे मोठे तळे लागते. पुढच्या रविवारी त्यांना बांधावर नेऊन उभे केले. काठाने पाणकणसाची बेटे, एका अंगाला जलपर्णीचा हिरवा लेप, आणि मधल्या मोकळ्या पाण्यावर काळे ठिपके. बाबा मान वाकडी करून, कडेच्या नजरेने, खूप वेळ पाहत राहिले. “वारकरी असतील ते. बदकं पलीकडे. इथून काही होणार नाही. लपण बांधावं लागेल,” ते म्हणाले.

लपण हा शब्द मी लहानपणी ऐकला होता. शिकारी किंवा पाखरे पाहणारा ज्याच्या आड बसतो तो आडोसा. जमिनीवरचा सोपा; पाण्यावरचा, आणि तोही लहानशा नावेवरचा, ही निराळीच विद्या आहे. आणि ती विद्या माझ्या वडिलांना अवगत आहे हे मला पन्नाशी उलटल्यावर समजत होते.

नाव मिळाली ती हरिगोलू. विजयनगरला सोळाव्या शतकात आलेल्या डोमिंगो पाएस या पोर्तुगिजाने टोपलीसारख्या गोल, कातडे मढवलेल्या नावांचे वर्णन करून ठेवले आहे, तीच ही. आता कातड्याच्या जागी प्लॅस्टिकचे कापड आणि डांबर आले एवढाच फरक. तळ्यावर मासे धरणाऱ्या एका तरुणाने ती देण्याचे कबूल केले, पण सकाळी आठ वाजता परत हवी, जाळी काढायची असतात, या अटीवर. माझे कानडी कामापुरते आणि त्याचे हिंदी त्याहून थोडे. तरी ‘तात’ला बदके बघायची आहेत हे त्याला पटकन उमगले. मारायची नाहीत ना, हे मात्र त्याने दोनदा विचारून घेतले. 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानंतर रानबदक मारणे हा गुन्हा आहे आणि ते त्याला माझ्याइतकेच ठाऊक होते.

बाबांनी गोल नावेला प्रथम नावे ठेवली. भंडाऱ्याकडे ढिवरांचा डोंगा असतो, लांबट, लाकडाचा. तो एका जागी राहतो. ही टोपली स्वतःभोवती फिरणार. उपाय त्यांनीच काढला: दोन बाजूंना दोन दोरांनी दोन जड दगड पाण्यात सोडायचे, म्हणजे गिरकी बंद. मग बांधणी सुरू झाली. आमच्या इमारतीच्या गच्चीवर तीन रविवार ते काम चालले, आणि शेजारची मंडळी येऊन पाहून गेली. सोसायटीच्या चिटणिसांनी हे नियमात बसते का असे विचारले. त्यांना मी खात्याच्या भाषेत ‘तात्पुरते स्वरूप’ असे उत्तर दिले.

सांगाडा नावेला बांधायचा नाही, हा पहिला धडा. बांबूच्या ओल्या कांबींच्या चार कमानी एकमेकींत अडकवून बिनबुडाची उपडी टोपली करायची आणि ती नावेच्या काठावर नुसती बसवून सुतळीने आवळायची. प्रसंग आला तर एक गाठ ओढताच सारे सुटून पाण्यात पडले पाहिजे आणि माणूस मोकळा झाला पाहिजे. उंची बसलेल्या माणसाच्या डोक्याहून चार बोटे वर, अधिक नाही. उंच केले की वारा भरतो आणि आडोशाचे शीड होते. त्यावर चिखलात बुडवून वाळवलेले गोणपाट, आणि गोणपाटावर पाणकणसाची पाती उभी बांधायची, काथ्याने, विरळ-दाट, वरची टोके कातरल्यासारखी एका रेघेत येऊ न देता. “निसर्गात रेघ नसते. रेघ दिसली की बदक दहा हात दूर,” बाबा म्हणाले. पाती तीन दिवसांत पिवळी पडतात, म्हणून ती शेवटी.

मी पुढची बाजू दाट विणत होतो. त्यांनी हाताने चाचपून ती उसवायला लावली. दाट पाहिजे ती मागची बाजू. मागून उजेड आला तर पुढच्या फटीतून आतल्या माणसाची सावली हललेली दिसते. मागे काळोख असेल तर पुढे नुसता जाळीदार पडदाही पुरतो. आणि छत हवेच. माणूस नेहमी समोरच्या डोळ्याचा विचार करतो, पण बदक उतरण्यापूर्वी वरून घिरटी घालते. हे सारे ते बोटांनी पाहत होते. ज्या माणसाला ताटातली भाजी ओळखता येत नव्हती, त्याची बोटे सुतळीची गाठ मारताना मुळीच अडखळत नव्हती.

अशाच एका गाठीपाशी त्यांनी ती हकीकत सांगितली. सांगायची म्हणून नव्हे. गाठ दाखवताना ओघात आली.

1964 चा हिवाळा. ते बाविशीत, हंगामी नोकरीवर. एक बडे साहेब तलावावर शिकारीस येणार म्हणून वरून निरोप आला. त्या काळी परवाना असला की शिकार कायदेशीर होती, आणि साहेबांच्या शिकारीची सोय करणे हे कोणत्याच नियमात नसले तरी सर्वांच्या अंगवळणी होते. दोन डोंगे बाजूबाजूला जखडून त्यावर बाबांनी एका ढिवर म्हाताऱ्याच्या मदतीने लपण बांधले. त्या म्हाताऱ्याची युक्ती अशी की मडकी आधी काही दिवस पाण्यावर नुसती तरंगत सोडायची. पाखरांना त्यांची सवय झाली की एके पहाटे डोक्यावर तसेच भोके पाडलेले मडके घालून गळाभर पाण्यातून चालत जायचे आणि बदकाचे पाय खालून धरायचे. तो त्यातून एक-दोन पाखरे नेई, घरच्यापुरती. बाबांनी तीच युक्ती लपणाला लावली. आठ दिवस ते रिकामेच पाण्यावर ठेवले. नवव्या दिवशी बदके त्याला खेटून चरत होती.

“इतकं चांगलं मी पुन्हा काही बांधलं नाही,” बाबा म्हणाले.

साहेब व त्यांचे दोन पाहुणे सकाळभर बार टाकत होते. बाबा मागच्या बाजूला काडतुसे देत बसले होते. दुपारी बांधावर पाखरे मांडली तेव्हा मोजणी बाबांनीच केली. पाटबंधारे खात्याचा माणूस, मोजणे हेच त्याचे काम. एकशे बारा. जीपमध्ये चाळीसेक गेली. बाकीची बांधावरच राहिली, आणि त्या रात्री कोल्ह्यांचा ओरडा गावापर्यंत येत होता. ढिवर म्हाताऱ्याला दोन देऊ केली. त्याने घेतली नाहीत. पुढे दोन महिन्यांनी बाबा नोकरीत कायम झाले. त्यावर माझ्या आजीने सत्यनारायण घातला.

भरतपूरला 12 नोव्हेंबर 1938 रोजी व्हाइसरॉय लिनलिथगो यांच्या शिकारीत एका दिवसात 4273 पाखरे पडली, हे मी वाचले होते. त्यापुढे एकशे बारा म्हणजे काय, असे मी म्हणून गेलो. ते म्हणण्याची गरज नव्हती. बाबांनी सुतळी तोडली आणि पुढची गाठ मागितली. ज्या नोकरीवर माझे शिक्षण झाले, तिच्या पायात काय पुरलेले होते हे त्यांनी साठ वर्षे कोणाला सांगितले नव्हते. आईला तरी सांगितले होते का, हे विचारायचे माझ्या ओठांवर आले आणि तेथेच राहिले.

लपण पाण्यावर नेऊन आम्ही आठ दिवस बेटाजवळ रिकामे ठेवले. मासेमारीसाठी त्या तरुणाने भावाची नाव घेतली. त्याचे भाडे मी दिले. घरात मात्र या आठ दिवसांत शांतता नव्हती. “चौऱ्याऐंशीव्या वर्षी टोपलीत बसवून पाण्यात नेताय वडिलांना!” सौभाग्यवतींचे म्हणणे चूक नव्हते. तरंगण्याचे जाकीट आणले, बाबांनी ते निमूटपणे घातले, वर कांबळे घेतले.

पहाटे पाचला अंधारात निघालो. तरुणाने आम्हा दोघांना लपणात बसवले, दगड सोडले, आणि आपण मोठ्याने बोलत, वल्हे आपटत भावाच्या नावेतून परत गेला. हीही बाबांचीच सूचना. पाखरांना मोजता येत नाही; तिघे आले आणि एक गाजावाजा करीत गेला की त्यांच्या हिशेबी सगळे गेले.

उजाडू लागले तसे धुके पाण्यावरून उठले. आधी टिबुकल्या आल्या, मग वारकरी, कपाळावर पांढरा टिळा लावल्यासारखे. फटीतून मी पाहत होतो आणि बाबांच्या कानाशी कुजबुजत होतो. थापटे आले, सैबेरियाकडून इतका लांबचा प्रवास करून. फावड्यासारखी चोच पाण्यात धरून गोलगोल फिरत गाळून खाऊ लागले. या तळ्याच्या गढूळ पाण्यात त्यांना पुष्कळ मिळत असावे. मग सात-साडेसातच्या सुमारास अगदी डाव्या अंगाला, वल्ह्याच्या अंतरावर, जड अंगाची बदके चरू लागली. बाबांनी समोर पाहणे सोडून मान उजवीकडे वळवली, म्हणजे डावी कड त्यांना मिळेल.

“हळदीकुंकू,” ते म्हणाले.

चोचीचे टोक हळदीचे, चोचीच्या मुळाशी कुंकवाचे दोन ठिपके. त्यांना दिसले होते.

“किती?”

मी मोजली. “सतरा.”

“पुन्हा मोज.”

सतराच होती. त्यांनी मान हलवली आणि पाहत राहिले. पाणी हलल्याचा आवाज, चोचींची चुळबुळ, आणि मधूनच मेट्रोची नव्हे, कुठल्या तरी कारखान्याची शिटी.

आठ वाजले. बांधावर तरुण येऊन उभा राहिला. मी दोर सैल करू लागलो तेव्हा बाबांनी माझ्या गुडघ्यावर हात ठेवला. “आपण हललो की उडतील.”

“उडू देत, बाबा. त्याला नाव हवी आहे. तुमची गोळी राहिली आहे. मलाही दहाला बैठक आहे.”

“त्यांचं ती जातील. आपण उठवायची नाहीत.”

साडेआठ झाले. तरुणाने हाक मारली, “सार!” मग शीळ घातली. बदकांनी माना वर केल्या, ऐकले, आणि पुन्हा चोची पाण्यात घातल्या. कांबळ्याखाली बाबांचा हात थंड पडला होता, पण तो माझ्या गुडघ्यावरून निघत नव्हता. नऊ वाजता तो तरुण बांधावर उकिडवा बसला आणि त्याने विडी पेटवली. सव्वानऊच्या पुढे सतरांतली पाच पोहत बेटाआड गेली.

“बारा राहिली,” मी सांगितले.

“बरं,” बाबा म्हणाले, आणि कांबळे नीट करून घेतले.