चालू ठेवू ना?

अळणावरला आमच्या गल्लीत कानडी पेपर घेणारी घरं जास्त, बेळगावचा मराठी पेपर घेणारी मोजकी. पेपर टाकणारे काका सायकलवरून खाली उतरत नसत, तरी कुठल्या दारात कुठला पेपर हे कधी चुकलं नाही. महिन्याचे पैसे घ्यायला आले की विचारायचे, "चालू ठेवू ना?" घरातल्या कुणीही एकानं हो म्हटलं की पुरे. हुबळी-धारवाडात नेटवर्कच्या कामाला लागल्यावर तोच प्रश्न मला पुन्हा भेटला.

धारवाडच्या एका संस्थेत ऑफिसची कामं अडत होती. प्रिंट निघायला वेळ, बिलाचा पडदा अडकलेला. रॅक उघडला, तर जेवणाच्या सुट्टीतही स्विचच्या प्रत्येक पोर्टचा दिवा अखंड लुकलुकत होता. रिकाम्या पोर्टला लॅपटॉप लावला आणि मी न मागितलेली चित्रं धो धो येऊ लागली. पत्ते सगळे 239 नं सुरू होणारे, म्हणजे मल्टिकास्टचे. इमारतीत 40 कॅमेरे, प्रत्येकी सेकंदाला 4 मेगाबिट, म्हणजे 160 मेगाबिटांचा लोंढा. जुन्या प्रिंटरची वाट 100 मेगाबिटांची. त्याचं स्वतःचं काम आत शिरणार कुठून?

यात स्विचचा दोष नाही. कोणतं यंत्र कुठल्या पोर्टवर आहे, हे तो येणाऱ्या फ्रेमवरचा पाठवणाऱ्याचा पत्ता वाचून शिकतो. मल्टिकास्टचा पत्ता मात्र एका गटाचा असतो, पाठवणारा म्हणून तो कधीच येत नाही. त्यामुळे स्विचच्या नोंदीत तो चढत नाही, आणि ज्याचा ठावठिकाणा माहीत नाही ते सगळ्या दारांत टाकायचं, हा स्विचचा मूळ धर्म. यालाच आम्ही फ्लडिंग म्हणतो.

कोणाला काय हवं हे सांगायची भाषा आधीपासून होती. स्टीव्ह डीअरिंग यांनी 1989 साली त्या भाषेची, म्हणजे आयजीएमपीची, पहिली आवृत्ती मांडली. पण ते बोलणं राउटरशी. मधल्या स्विचनं ते कान देऊन ऐकावं आणि मागणाऱ्याच्याच पोर्टवर गटाचा डेटा सोडावा, ही युक्ती म्हणजे स्नूपिंग. कंपन्या ती आपापल्या परीनं करत होत्या. 2006 च्या आरएफसी 4541 या दस्तऐवजात त्यासाठीच्या शिफारशी आल्या.

मी स्नूपिंग चालू केलं. पहारेकऱ्याच्या खोलीतला कॅमेऱ्यांचा पडदा बंद करून पुन्हा लावला, चित्र आलं. रॅकमधले दिवे शांत झाले, प्रिंट सरसर निघू लागली. मी पिशवी भरत होतो आणि खोलीतून हाक आली, "साहेब, सगळं काळं झालं."

पुन्हा लावलं. चार मिनिटं नीट, मग पुन्हा काळं.

घड्याळ लावून पाहिलं तेव्हा उलगडलं: 260 सेकंद. पडद्याच्या यंत्रानं सुरुवातीला एकदा मागणी नोंदवली होती. पुढं ते तेव्हाच बोलतं, जेव्हा कुणी विचारतं. विचारण्याचं काम एरवी राउटरचं, आणि त्या कॅमेऱ्यांच्या जाळ्यात मल्टिकास्टचा राउटरच नव्हता. कुणी विचारलं नाही, कुणी उत्तर दिलं नाही, मुदत संपली, नोंद पुसली गेली. हिशेब साधा आहे: दर 125 सेकंदांनी एक विचारणा, अशा दोन फेऱ्या आणि उत्तरासाठी आणखी 10 सेकंद.

मुख्य स्विचवर क्वेरियर चालू केला. आता तो दर सव्वाशे सेकंदांनी सगळ्यांना विचारतो. ज्यांना हवं ते हो म्हणतात, बाकीचे गप्प राहतात. दोन क्वेरियर समोरासमोर आले, तर लहान आयपी पत्त्याचा विचारत राहतो, दुसरा थांबतो.

लोंढा आवरायचा म्हणजे दारं लावायची, असं मला तोवर वाटत होतं. दारं लावणं सोपं असतं. ज्याला खरंच हवं आहे त्याचं दार उघडं राहावं, यासाठी कुणीतरी न कंटाळता विचारत राहावं लागतं, आणि माझ्या कामाचा जीव त्या विचारण्यात आहे. म्हणून आता आधी क्वेरियर लावतो, मग स्नूपिंग. दिवे शांत झाले म्हणून उठत नाही. पहारेकऱ्याच्या शेजारी खुर्ची ओढतो आणि पाच मिनिटं पूर्ण होईपर्यंत चित्र बघत बसतो.