पाण्यावर जगणारं झाड

बँकेच्या नोकरीत बदली आली की पहिलं संकट कुंड्यांचं. तुळस, मोगरा, कढीपत्ता दर गावी कुणाच्या तरी हवाली करून निघावं लागायचं. लकी बांबू मात्र माझ्याबरोबर सगळीकडे आला. ठाण्याच्या शाखेतून निघताना सहकाऱ्यांनी दिलेला, काचेच्या बरणीत लाल रिबिनीने बांधलेल्या पाच कांड्यांचा. निघायच्या दिवशी बरणीतलं पाणी ओतून टाकायचं, मुळांना ओलं फडकं गुंडाळायचं आणि पिशवी गाडीत पायाशी ठेवायची.

बांबूशी त्याचं नातं नाही. तो ड्रॅसिना, आपल्या शतावरीच्या कुळातला. मूळचा कॅमेरून, काँगोकडच्या जंगलांत उंच झाडांच्या सावलीत वाढणारा. त्यामुळे ज्या खोलीत तुळस आठवड्यात माना टाकते तिथे हा तरतरीत राहतो. थेट ऊन त्याला सोसत नाही, पडद्याआडचा उजेड पुरतो. आठवड्याला पाणी बदलायचं, बरणीला आतून धरलेलं हिरवं शेवाळ घासून काढायचं, मुळं नळाखाली हलकेच धुवायची. निरोगी मुळं नारिंगी असतात. काळी, बुळबुळीत झाली तर ती कापायची, आणि एखादी कांडी पिवळी पडून मऊ लागली तर बाकीच्यांसाठी ती लगेच बाहेर काढायची. नशिबाबद्दल मला कुणी विचारलं तर मी या रविवारच्या अर्ध्या तासाबद्दल सांगते. शाखेत दिवसभर लोकांचे हप्ते आणि थकबाक्या ऐकल्यावर तो अर्धा तास मला फार आवडायचा.

माती नसल्यामुळे या झाडाच्या पोटात जातं ते निव्वळ त्या गावचं पाणी. हे मला यवतमाळ जिल्ह्यात कळलं. तिथे घराला बोअरचं पाणी होतं. दोनेक महिन्यांत पानांची टोकं तपकिरी होऊ लागली. आधी सुईच्या अग्राएवढी, मग नखाएवढी, आणि करपलेल्या भागाला लागून एक बारीक पिवळी कड. मला वाटलं, उन्हाळा आहे. शाखेतल्या शिपायांनी बरणी पाहिली आणि म्हणाले, "मॅडम, इथल्या पाण्यानं पोरांचे दात पिवळे पडतात, तुम्ही झाडाचं काय घेऊन बसल्या?"

विदर्भातल्या कित्येक गावांच्या भूजलात खडकांतून फ्लोराइड उतरतं. लिटरमागे दीड मिलिग्रॅमच्या वर गेलं की ते पाणी पिण्यालायक धरत नाहीत. ड्रॅसिनाला तर त्याहून कमीही बाधतं. क्लोरीन रात्रभर पाणी उघडं ठेवलं की बरंचसं उडून जातं. फ्लोराइड उडत नाही, उकळूनही जात नाही. झाडाला मी शुद्ध पाण्याच्या जारमधलं पाणी घालू लागले आणि नवी पानं नितळ हिरवी आली. पण बचतगटाच्या बैठकीला आईचा पदर धरून येणारी मुलं हसली की नजर त्यांच्या दातांकडे जायची. लहान वयात, हिरडीच्या आत घडतानाच दातावर उमटलेला तो डाग पुढे पाणी बदलून जात नाही. झाडाला नवं पान फुटतं.

पुढे रत्नागिरीला वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस. पागोळ्यांखाली पातेलं ठेवायचं आणि तेच पाणी बरणीत. या झाडाला याहून चांगलं पाणी नाही. तिथे ते असं वाढलं की शेंडे छाटून नव्या बरण्या भराव्या लागल्या.

आता निवृत्त होऊन पुण्यात आहे. पावसाळ्यात डेंग्यूच्या अळ्या शोधायला महापालिकेचे आरोग्य कर्मचारी येतात, तेव्हा थेट या बरणीपाशी जातात, आणि ते योग्यच आहे. 2001 साली कॅलिफोर्नियात एशियन टायगर डास पोचला तो चीनहून बोटीने आलेल्या लकी बांबूच्या पाण्यातून. मुळं धुण्याचा रविवार हाच आमच्या घरचा 'कोरडा दिवस'.

यंदा सोसायटीला मार्चपासूनच टँकर लागले. कुठल्या विहिरीचं, कुठल्या बोअरचं पाणी, टँकरवाले सांगत नाहीत. मधल्या कांडीच्या दोन कोवळ्या पानांची टोकं पुन्हा तपकिरी झाली आहेत. कारण साधे क्षारही असतील; पानावरून तेवढं ओळखता येत नाही. पण आमच्या इमारतीत पाच वर्षांखालची बरीच मुलं आहेत. टँकरच्या पाण्याचा नमुना प्रयोगशाळेत द्यावा, त्यात फ्लोराइडही तपासायला सांगावं, असा अर्ज मी सचिवांकडे दिला आहे. येत्या सभेत तो पहिल्या विषयात घ्यायचं त्यांनी कबूल केलंय.